पडवीपासून मांगरापर्यंत

फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. नुसतं चाक गरगर फिरत राहतं. कोकणात आंबा-काजूच्या बागेत उभ्या राहिलेल्या घरगुती पर्यटन निवासांत हा अनुभव इतका सर्रास येतो, की मालक आधी पाहुण्यांच्या फोनला दोष देतात, मग इंटरनेट कंपनीला, आणि शेवटी पावसाला. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा खोलीतल्या प्लगमध्येच बसलेला असतो. मुठीएवढा, पांढरा, दिवा लुकलुकवणारा एक्स्टेंडर! फोनवरच्या रेघा फोन आणि एक्स्टेंडर यांच्यातल्या जोडणीचं माप सांगतात, आणि ते दोघे तर एकाच छपराखाली असतात. पलीकडच्या घरातला मूळ राउटर त्या एक्स्टेंडरला किती क्षीण ऐकू येतो आहे, हे फोनला कळायला मार्ग नसतो.

अशा जागेचा नकाशा साधारण ठरलेला. रस्त्यालगत जुनं कौलारू घर. फायबर येतं ते तिथपर्यंत, आणि पडवीच्या भिंतीवर राउटर बसतो. खळ्यापलीकडे चाळीसेक मीटरवर पत्र्याचा गोठा. उतारावर, कलमांच्या आड, पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन नव्या खोल्या. त्याखाली वहाळाकाठी विहीर आणि पंपाची खोली. आणि दुसऱ्या टोकाला मांगर, जिथे हंगामात आंब्याच्या पेट्या भरल्या जातात आणि हल्ली कॅमेरा हवा असतो. सगळं मिळून दोन-तीन एकर, मालक एकच, जागा एकच. पण रेडिओलहरींना सातबारा वाचता येत नाही.

त्यांना कळतात त्या भिंती आणि पानं. घरगुती वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्‌झवाल्या लहरीची त्याच्या निम्म्याहूनही कमी. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावरसुद्धा पोचणारी शक्ती चौथाईवर येते; मध्ये भिंत आली तर आखूड लहर आधी दम तोडते. चिऱ्याच्या ज्या जाड भिंतींमुळे घर उन्हाळ्यात गार राहतं, त्याच वायफाय खातात. जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी धरून बसणारा, आणि पाणी या लहरी चांगलंच शोषतं. पत्रा शोषत नाही, तो सरळ परतवून लावतो. भिजलेल्या कलमांची दाट पानं उरलंसुरलं संपवतात. एप्रिलात पाहुण्यांच्या खोलीत कसंबसं चालणारं वायफाय जूनमध्ये बसतं ते यामुळे, कंपनीने काही केलेलं नसतं.

यावर पहिला इलाज म्हणून चार-सहा अँटेनांचा महागडा राउटर घरी येतो. खोक्यावर ‘लाँग रेंज’ असं ठळक छापलेलं असतं. तो राउटर मांगरापर्यंत ऐकू जाईलही. पण मांगरातल्या फोनने उत्तर द्यायचं कसं? आकाशवाणीचं केंद्र बोलतं आणि ट्रान्झिस्टर नुसता ऐकतो. वायफायमध्ये मात्र माहितीचं पुडकं मिळालं की मिळाल्याची पोच पाठवावी लागते. पोच आली नाही तर तेच पुडकं पुन्हा पाठवलं जातं. फोनची अँटेना लहान, बॅटरी जपण्यासाठी त्याची प्रक्षेपणशक्तीही बेताची. राउटर कितीही दणकट घेतला, तरी जोडणीचा पल्ला ठरतो तो त्या दोघांतल्या दुबळ्याच्या आवाजावर.

पोच मागण्याची ही रीत ज्या प्रयोगातून पुढे आली, तिथेही प्रश्न एकाच संस्थेच्या विखुरलेल्या इमारतींचा होता, फक्त मधे पॅसिफिक महासागर होता. हवाई विद्यापीठाचा मोठा संगणक होनोलुलूत, ओआहू बेटावर, आणि बाकीची काही महाविद्यालयं इतर बेटांवर. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. नॉर्मन अब्रॅमसन हे तिथले प्राध्यापक. हवाईला गेले त्यात सर्फिंगच्या वेडाचाही वाटा होता. त्यांच्या चमूने जून १९७१मध्ये ‘अलोहानेट’ सुरू केलं. वेग सेकंदाला ९,६०० बिट. नियम अगदी सोपा: सांगायचं असेल तेव्हा सांगून टाका, पोच आली नाही तर कुणाशी तरी टक्कर झाली असं समजा, थोडा वेळ थांबा आणि पुन्हा सांगा. मात्र किती थांबायचं ते प्रत्येकाने चिठ्ठी टाकल्यागत ठरवायचं, म्हणजे दोघं पुन्हा एकाच क्षणी बोलायला उठत नाहीत. हिशोब मांडला तेव्हा दिसलं, की या मोकाट पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेच्या जेमतेम १८ टक्के उपयोग होऊ शकतो.

पुढे वायफायने (त्याचं पहिलं मानक १९९७चं, वेग सेकंदाला २ मेगाबिट) यात मोठी सुधारणा केली. बोलण्याआधी ऐका; कुणी बोलत असेल तर थांबा. एका खोलीत हे झकास चालतं. पण दोन-तीन एकरांत विखुरलेल्या इमारतींत घोटाळा होतो. मधल्या घरातला राउटर पाहुण्यांच्या खोलीतल्या फोनलाही ऐकू येतो आणि मांगरातल्या कॅमेऱ्यालाही. त्या दोघांना मात्र एकमेकांचा पत्ता नसतो. हवा मोकळी आहे असं समजून दोघेही एकदम बोलू लागतात आणि राउटरपाशी दोघांचाही चिवडा होतो. थोडक्यात, सुधारलेलं वायफाय अशा जागी पुन्हा १९७१च्या बेटांवर जाऊन पोचतं.

एक्स्टेंडर या गोंधळात तिसरं तोंड वाढवतो. एकच रेडिओ असलेला स्वस्तातला एक्स्टेंडर एका वेळी ऐकू तरी शकतो किंवा बोलू तरी. प्रत्येक पुडकं त्याला आधी घ्यावं लागतं आणि मग त्याच वाहिनीवर पुन्हा सोडावं लागतं, त्यामुळे वेग पहिल्या टप्प्यातच निम्म्यावर येतो. एक्स्टेंडरला एक्स्टेंडर जोडणारे उत्साही लोकही असतात. त्यांच्याकडे शेवटच्या खोलीत रेघा पूर्ण आणि वेग नाममात्र. ‘मेश’ या नावाने विकल्या जाणाऱ्या संचांत आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असेल तर परिस्थिती बरीच सुधारते, पण मधली भिजलेली कलमं मेशलाही चुकत नाहीत.

हे काम रोज करणारी माणसं म्हणून प्रश्नाचे दोन तुकडे करतात. एका इमारतीपासून दुसरीपर्यंत नेट पोचवणं हा एक, आणि पोचल्यावर त्या इमारतीच्या आत वायफाय पसरवणं हा दुसरा. पहिल्यासाठी शक्य तिथे तार. वायफाय उरतं ते शेवटच्या आठ-दहा मीटरांपुरतं, खाटेवर लोळणाऱ्या माणसाच्या हातापर्यंत. नुसता राउटर बदलायला बोलावलेला तंत्रज्ञ येतो, पडवीच्या टोकाला उभा राहून उताराकडे बघतो आणि म्हणतो, “काका, हे हवेतून नाही जमायचं. चर मारा.” काकांना ते पटत नाही. वायरलेस घेतलं ते वायर नको म्हणूनच ना!

तार म्हटलं की पहिल्यांदा सुचते ती तांब्याची ‘कॅट-सिक्स’. आठ बारीक तारा, जोडीजोडीने पिळलेल्या. टोकाला कनेक्टर बसवताना त्या उलगडून एका रांगेत लावायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मग अंगठ्याच्या नखाखाली दाबून धरायच्या, सरळ कापायच्या, आणि कनेक्टरच्या तोंडाशी सोन्याच्या दातांपर्यंत आठही पोचल्या आहेत हे डोळ्यांनी पाहून क्रिंपिंगचा चिमटा दाबायचा. मधल्या हिरव्यांच्या जोडीत निळी जोडी शिरते, तिथे नवशिक्यांची चूक होते. बाजारात स्वस्त केबल मिळते तिच्यात पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ती चटकन तुटते आणि तिच्यातून वीजही नीट जात नाही. शिवाय पांढऱ्या-करड्या आवरणाची केबल घरातल्यासाठी असते. उन्हात तिची साल तडकते, मग पाणी शिरतं. बाहेर काळ्या आवरणाचीच लागते.

तांब्याच्या तारेला १०० मीटरची मर्यादा आहे. ती नियमातली मर्यादा असल्याने थोडं पुढे गेल्यावरही काही वेळा चालून जातं. पण भरवसा संपतो. कोकणासाठी याहून मोठी अडचण आकाशातून येते. वैशाखातले वळीव आणि आश्विनातला परतीचा पाऊस गडगडाटासह येतात. वीज थेट तारेवरच पडायला हवी असं नाही. जवळपासच्या माडावर पडली तरी लांबलचक तांब्यात क्षणभर मोठा दाब उसळतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं एकदम जळतात. दोन इमारतींचं अर्थिंग वेगवेगळं असेल तर दोघांच्या जमिनीच्या दाबात फरक पडतो आणि तांब्याची तार त्या दोघांना नको तिथे जोडून देते. जांभ्याच्या सड्यावर चांगलं अर्थिंग मिळणं मुळातच कठीण. उन्हाळ्यात माती कोरडी झाल्यावर आणखी कठीण. एका छपराखाली तांबं खुशाल वापरावं. दोन इमारतींच्या मध्ये ते टाकणं म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी नवा खर्च बोलावणं.

काचेला यातलं काहीच बाधत नाही. फायबरमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे पलीकडच्या अर्थिंगशी त्याचा संबंध येत नाही. ज्या काचेतून प्रकाश धावतो तिचा गाभा सुमारे ९ मायक्रॉन व्यासाचा, आपल्या केसाहून कितीतरी बारीक. एका किलोमीटरला प्रकाशाची घट इतकी नगण्य, की दोन-तीनशे मीटर हे त्याच्या हिशोबी अंतरच नाही. पूर्वी फायबर म्हटलं की लोक बिचकत. आता तालुक्याच्या गावातच काय, मोठ्या गावांतही केबलवाल्याकडे स्प्लाइसिंगचं मशीन असतं. तो येऊन दोन टोकं वितळवून जोडून जातो. दोन्ही बाजूंना ‘मीडिया कन्व्हर्टर’ नावाची पत्त्याच्या कॅटएवढी दोन खोकी लागतात, प्रकाशाचं रूपांतर पुन्हा विजेच्या संकेतात करणारी. एकाच काचेतून जा-ये करायची असेल तर ही खोकी जोडीनेच घ्यावी लागतात: एक १३१० नॅनोमीटरवर बोलतं आणि १५५०वर ऐकतं, दुसरं नेमकं उलट. दुकानदाराने एकाच जातीची दोन दिली तर दोघेही एकाच रंगात बोलत राहतात आणि कुणाचाच दिवा लागत नाही. मग अख्खी केबल उकरून काढण्याचा विचार सुरू होतो.

बारीकसारीक पण महागात पडणारी एक गोष्ट इथे सांगायला हवी. खांबावरून घरात येणाऱ्या चपट्या फायबर केबलला कडेने पोलादी तार चिकटलेली असते, ताण सहन करण्यासाठी. काच वीज नेत नाही हे खरं, पण ती पोलादी तार खुशाल नेते! ती इमारतीबाहेरच सोलून कापायची, किंवा धातू अजिबात नसलेली केबल मागायची. केबल टाकायची ती दीड-दोन फूट खोल चरात, एचडीपीई पाइपमधून. पाइप घुशींसाठी आणि कुदळींसाठी. चार वर्षांनी तिथे खड्डा मारणाऱ्या गड्याला खाली काय आहे ते ठाऊक नसतं. पाइपमध्ये नायलॉनची एक जादा दोरी सोडून ठेवली, तर पुढे दुसरी केबल ओढायला चर पुन्हा उकरावा लागत नाही.

चर मारताच येत नाही अशाही जागा असतात. मधे कातळ लागतो, वहाळ आडवा येतो, किंवा सार्वजनिक रस्ता जागेचे दोन भाग करतो आणि तो खोदायचा तर परवानगी हवी. अशा ठिकाणी ‘पॉइंट-टू-पॉइंट’ जोडणी लावतात. दोन्ही छपरांवर एकमेकांकडे तोंड केलेल्या दोन अँटेना, ज्या शक्ती चोहीकडे न उधळता अरुंद झोतात सोडतात आणि त्याच दिशेचं ऐकतात. झोत दोन्ही बाजूंनी असल्यामुळे फोनच्या दुबळ्या उत्तराची अडचण इथे उरत नाही.

भारतात हे करण्याची मोकळीक फार जुनी नाही. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा घराबाहेरही विनापरवाना वापरायला जानेवारी २००५च्या नियमांनी मुभा दिली; ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातला ६०५ मेगाहर्ट्‌झचा ऐसपैस भाग ऑक्टोबर २०१८मध्ये खुला झाला. २००५ची मुभा मिळताच धरमशाला इथे डोंगरउतारावरच्या इमारती, शाळा आणि तिबेटी संस्था जोडणारं सामुदायिक जाळं उभं राहिलं. घरगुती राउटर उघडून, त्यांतली आज्ञावली बदलून, काही ठिकाणी सौरऊर्जेवर चालवलेलं. तिथल्या अडचणींच्या यादीत माकडंही होती; अँटेनाला लोंबकळून ती तिची दिशाच बदलून टाकत. कोकणातल्या वानरांना ही कला शिकवावी लागणार नाही.

तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाने बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर थेनीचं रुग्णालय आणि आसपासच्या गावांतली दृष्टिकेंद्रं याच तंत्राने जोडली. गावातल्या रुग्णाचा डोळा शहरातले डॉक्टर पडद्यावर तपासू लागले. व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांच्या गटाने २००७मध्ये अँडीजच्या शिखरावरून ३८२ किलोमीटर दूर वायफाय पोचवून दाखवलं. एवढ्या लांब अडचण शक्तीपेक्षा धीराची होती. प्रकाशाच्या वेगालाही तिथे पोचायला सव्वा मिलिसेकंद लागतं. साधं वायफाय पोचीसाठी तितका वेळ थांबतच नाही, म्हणून त्याला वाट पाहायला शिकवावं लागलं. बागेतल्या दोनशे मीटरला एक मायक्रोसेकंदही लागत नाही, तेव्हा ती काळजी नको.

काळजी हवी ती झाडांची. दोन अँटेना एकमेकींना दिसल्या म्हणजे झालं असं वाटतं. पण लहर दोरीसारख्या रेषेत जात नाही, तिला रेषेभोवती फुगीर मोकळी जागा लागते. ३०० मीटरच्या जोडणीला मध्यावर चारही बाजूंनी जवळजवळ दोन मीटर. आज फांद्यांच्या फटीतून दिसणारं पलीकडचं छप्पर नव्या पालवीत हरवतं. म्हणून खांब उंच, आणि कलमांची वाढ धरून उंच. झाडांतूनच जायची वेळ आली तर लांब लहर लागते. आयआयटी मुंबईने पालघर भागात खामलोलीच्या आसपासच्या पाड्यांवर नेट नेताना दूरदर्शनच्या यूएचएफ पट्ट्यातली रिकामी जागा वापरून पाहिली ती याच गुणासाठी. त्यातून पुढे आलेल्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला २०१७मध्ये मोझिलाचा पुरस्कारही मिळाला. तो पट्टा मात्र आपल्या घरी वापरायला खुला नाही.

इमारतीत नेट पोचलं की तिथे वायफाय पसरवणारा ॲक्सेस पॉइंट (एपी) लावायचा. जुना राउटर पडून असेल तर तोही चालतो, पण त्याला ‘एपी मोड’मध्ये टाकायला विसरू नये. नाहीतर एकाच जाळ्यात पत्ते वाटणारे दोन कारकून बसतात, आणि कधी नेट चालतं, कधी ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ असं दिसतं. सगळीकडे नाव आणि पासवर्ड एकच, वाहिन्या मात्र वेगळ्या: २.४च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ याच एकमेकींच्या पायात येत नाहीत. आणि प्रत्येकाची शक्ती थोडी कमी करायची. हे ऐकून मालकांचा चेहरा पडतो. पण घरातून खोलीकडे निघालेला फोन कधी कुणाला सोडायचं हे स्वतःच ठरवतो, आणि फोनचा स्वभाव चिकट; घरचा राउटर जोरात असला की तो खोलीत शिरल्यावरही त्यालाच धरून बसतो.

मग विजेचा प्रश्न. फायबर वीज नेत नाही हा त्याचा गुण, आणि तोच त्याचा दोषही: पलीकडच्या खोक्याला तिथेच वीज लागते. लाइट गेल्यावर मोठ्या घरातला इन्व्हर्टर राउटर जिवंत ठेवतो आणि पाहुण्यांच्या खोलीतला कन्व्हर्टर मरून पडतो. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस दोन्हीकडे हवा. छपरावरच्या अँटेनांना वीज नेटच्याच केबलमधून वर जाते. काहींना २४ व्होल्ट लागतात, काहींना ४८, हे खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, पिन मात्र दोघांची सारखीच असते. बर्कलीच्या त्याच गटाने गावोगावच्या बिघाडांचा अभ्यास २००८मध्ये मांडला, तेव्हा रेडिओपेक्षा खराब वीजपुरवठ्याने जास्त त्रास दिल्याचं दिसलं. स्टॅबिलायझर फ्रीजला लावतात तसा नेटच्या सामानालाही लावायला हरकत नाही.

शेवटी हिशोब कुणाला किती लागतं याचा. पाहुण्यांच्या खोल्यांत रात्री दोन-तीन फोनांवर एकदम सिनेमे चालतात. तिथे फायबर टाकावं. मांगरातल्या कॅमेऱ्याला दोन-चार मेगाबिट पुरतात. त्याला अँटेनांची जोडी बास, आणि त्याचं जाळं पाहुण्यांच्या जाळ्यापासून वेगळं ठेवलेलं बरं. गोठ्यात नेटचं काय काम, हे मालकांनीच सांगावं. आणि वहाळाकाठच्या पंपासाठी एवढ्या खाली केबल नेण्याआधी शेजारच्या बागायतदाराकडे डोकावून यावं: सिमकार्ड घातलेला मोबाइल स्टार्टर तिथे आधीच बसलेला असतो, आणि मिस्ड कॉल दिला की पंप सुरू होतो.